हाली, कलदार आणि बेबाकी: परभणीच्या हिशेबी दप्तराची कहाणी

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या कर्जरोख्यावर नुसते ‘रुपये १४०’ लिहिलेले असेल, तर कर्ज किती होते हे त्यावरून ठरत नाही. ते रुपये निजामाच्या हाली शिक्क्याचे असतील तर इंग्रजी कलदारात त्यांची किंमत १२० भरे. साल फसली असेल तर त्यात महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवल्याशिवाय इसवी सन हाती येत नाही, आणि शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवावे लागतात. व्याज रोख ठरले की धान्यात, जमीन गहाण की मुदत खरेदीने दिलेली, रोखा लिहिणारा कोण आणि साक्षीदार कोण, हे कळल्यावरच त्या १४० ला अर्थ येतो. आकड्याभोवतीच्या या माहितीला आजच्या बँका मेटाडेटा म्हणतात. ती कोणी लिहायची, कोणी तपासायची, कोणाच्या ताब्यात ठेवायची आणि चूक निघाली तर कोणी दुरुस्त करायची, या नियमांना डेटा गव्हर्नन्स हे नाव आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काळ्या मातीच्या या जिल्ह्यात तेच काम दप्तर, रुमाल, वही, रोखा, पाहणी आणि बोजा या शब्दांनी शतकानुशतके चालत आले.

हा मुलूख तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे होता. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी असलेला हेमाद्री, लोकांच्या तोंडचा हेमाडपंत, ‘श्रीकरणाधिप’ होता, म्हणजे राज्याच्या लेखन-खात्याचा प्रमुख. मोडी लिपी त्याने आणली असे परंपरा सांगते. कागद कसा लिहावा याचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ नावाचे प्रकरणही त्याच्याच नावावर चालते. कर्तेपणाचा वाद बाजूला ठेवला तरी मराठी दप्तरात लेखनाची शिस्त पक्की होती, हे कागदच सांगतात. मजकूर कोठे संपला हे दाखवणारी ‘लेखनसीमा’ असे, शिक्का उमटल्यावर ‘मोर्तब सूद’ लिहिले जाई. रक्कम लिहून झाली की तिची ‘निमे’, म्हणजे अर्धी रक्कमही पुढे लिहिण्याची रीत होती: रुपये शंभर, निमे पन्नास. कोणी मागाहून शंभराचे दोनशे केले तर पन्नास त्याला खोटे पाडत. संगणकात आकड्याची शहानिशा करण्यासाठी जोडअंक ठेवतात. त्याच गरजेतून निघालेली ही युक्ती बोरूच्या काळातली आहे, आणि तिच्या साधेपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

मुघलांनी वऱ्हाड घेतल्यावर पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार झाले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे. आज तालुक्याचे गाव असलेली पाथरी तेव्हा महसुली हिशेबाचे ठाणे होती. वरच्या कचेरीत फारसी आणि गावात मोडी अशी दोन भाषांची व्यवस्था तेव्हापासून रुळली. गावचा हिशेब पटवारी ठेवी आणि परगण्याचा देशपांडे. दोन्ही कामे वतनाची, बापाकडून मुलाकडे जाणारी. राज्य बदलले तरी माहिती त्याच घरात राही, हा या पद्धतीचा फायदा. तोटाही तिथेच होता. दप्तर सरकारचे की पटवाऱ्याचे, हा प्रश्न कधी नीट सुटला नाही. कापडात बांधलेले रुमाल पटवाऱ्याच्याच माळवदाच्या घरात कोनाड्यात असत आणि कोणत्या रुमालात काय आहे हे त्यालाच ठाऊक असे. सूची त्याच्या डोक्यात होती, आणि गावावरची त्याची सत्ता या एका गोष्टीवर बरीचशी उभी होती.

हैदराबादेतही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होता. निजामाच्या राज्याचे महसुली दप्तर दोन घराण्यांत वाटलेले होते. तेलंगणाकडचा हिशेब ‘दफ्तर-ए-माल’ म्हणून मालवाला कायस्थ घराण्याकडे, तर मराठवाड्याकडचा ‘दफ्तर-ए-दिवानी’ म्हणून रायरायां या मराठी ब्राह्मण घराण्याकडे. जमिनीचा, इनामाचा, जहागिरीचा पुरावा या दफ्तरदारांच्या कागदांतून निघे. वसूल मक्त्याने दिला जाई, मक्तेदार सावकाराकडून पैसे उचलून सरकारात भरणा करी, आणि तो पैसा रयतेकडून कसा निघाला याची बिनचूक नोंद सरकारजवळ क्वचितच असे. फौजेचा खर्च थकत गेला. त्या फौजेची, म्हणजे हैदराबाद कंटिन्जंटची, एक छावणी हिंगोलीला होती. याच थकबाकीपायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले.

त्याच वर्षी पहिला सालारजंग दिवाण झाला. त्याच्या तीस वर्षांच्या कारभारात मक्ते मोडले, १८६५ पासून जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, झाली, पगारी तालुकदार व तहसीलदार आले आणि दफ्तरदारांच्या घरचे कागद हळूहळू सरकारी ताब्यात आले. सुधारणांच्या यादीत रेल्वे, शाळा आणि न्यायालये यांची नावे आधी येतात. परंतु कागद खाजगी घरातून सरकारी खोलीत जाणे ही या साऱ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट होती. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि जमाबंदी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. ‘पिंपळाखालचे’, ‘नाल्याच्या कडेचे’ अशा नावांनी ओळखले जाणारे रान आता आकड्याने ओळखले जाऊ लागले. सेतवार, पाहणी पत्रक, वसूल-बाकी ही कागदपत्रे मराठवाड्याच्या महसुली बोलीत कायमची आली. १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७-०८ च्या, हैदराबाद जमीन महसूल कायद्याने या नोंदींना कायद्याचा आधार दिला.

१८८४ च्या सुमारास राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावचा पटवारी मात्र मराठी-मोडीतच लिही, आणि तहसिलात जाताना ती माहिती उर्दूत उतरे. या उताऱ्यात नावे बदलत. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, आणि उर्दूत तर अक्षराखालचा नुक्ता सुटला की अक्षरच बदले. एकाच कुळाचे नाव दोन कागदांत दोन तऱ्हांनी येणे ही तेव्हापासूनची गोष्ट आहे.

खरा पैशाचा व्यवहार मात्र कचेरीत नव्हता, तो पेढीवर होता. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे परभणी जिल्ह्यातून गेली आणि कापसाला थेट मुंबईची वाट मिळाली. परभणी, सेलू आणि मानवतला जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, आडती उघडल्या, मारवाडी व गुजराती व्यापारी स्थिरावले. त्यांच्या लाल कापडाच्या लांबट वह्यांत हिशेब महाजनी मुडियात लिहिलेला असे, काना-मात्रा नसलेला, घरच्या माणसालाच वाचता येणारा. स्थानिक सावकार मोडीत लिही. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या एकाच शेताबद्दलची माहिती पटवाऱ्याकडे मोडीत, तहसिलात उर्दूत आणि पेढीवर मुडियात होती. या तीनही लिप्या वाचू शकणारा माणूस तालुक्यात विरळा असणार, आणि ज्याचे शेत होते त्याला बहुधा एकही वाचता येत नव्हती.

पेढीची शिस्त मात्र कडक होती. रोजची देवघेव आधी कीर्दीत उतरे. तिच्यावरून खतावणी होई, आणि खतावणीत प्रत्येक कुळाचे पान वेगळे असे. जमा डावीकडे, नावे उजवीकडे. पान फाडायचे नाही, ओळ खोडून वर लिहायचे नाही, शिल्लक रोज मिळवायची. न्यायालयात वही पुरावा म्हणून चाले ती याच नियमांच्या बळावर. नियमितपणे ठेवलेल्या वहीवर विश्वास आणि सुट्या चिठ्ठीवर संशय, हा भेद मुनिमाला पुरता ठाऊक होता. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जाई आणि जुनी बाकी नव्या पानावर ओढली जाई. ही ‘ओढलेली बाकी’ शेतकऱ्याच्या दुःखाचे मूळ होती. मुद्दल आणि व्याज मिळून नव्या पानावर एकच आकडा येई, त्यातले मुद्दल किती नि व्याज किती हे मागच्या वहीतच राही, आणि मागची वही सावकाराच्या माळ्यावर. धान्याचे कर्ज सवाईने वा दिढीने फिटे. पेरणीला एक खंडी ज्वारी नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड खंडी परत. ते रोखात मांडताना भाव कोणत्या दिवसाचा धरायचा हेही वही लिहिणाराच ठरवी. आकडा खरा असूनही हिशेब अन्यायाचा असू शकतो, तो असा.

कुळाकडून संमती घेण्याचीही पद्धत होती. लिहिता न येणारा शेतकरी रोख्याखाली निशाणी करी, आणि कुणब्याची निशाणी नांगराची असे. चार रेघांचे ते चित्र आणि शेजारी लिहिणाऱ्याच्या हातचे नाव. विसाव्या शतकात तिच्या जागी शाईचा अंगठा आला. कर्ज फिटले की रोखा कुळाच्या हाती देत किंवा त्याच्या देखत फाडत. ज्याने पैसे फेडले पण रोखा परत घेतला नाही, त्याच्यावर तोच रोखा पुन्हा उभा राहण्याची भीती असे.

नाण्यांची गुंतागुंत याच काळात सर्वांत जास्त होती. निजामाचे स्वतःचे चलन होते, आणि १९१८ पासून त्याच्या कागदी नोटाही निघाल्या. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा ठरलेला दर, म्हणजे सहा कलदाराला सात हाली. शेतसारा हालीत, मजुरी हालीत, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याकडून कापसाचे पैसे कलदारात. आडत्याच्या वहीत रकमेपुढे ‘हाली’ किंवा ‘कल.’ ही खूण नसेल तर सातापाठी एक रुपयाचा घोळ ठरलेला. कालगणनेचे तसेच. सरकारी साल फसली, आणि हैदराबादेत ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आझूर महिन्याने सुरू होऊन आबानने संपे. मराठी पंचांगाचे शक चैत्रात पालटे, गुजराती व्यापाऱ्याचे संवत कार्तिकात. त्यामुळे एकाच सुगीच्या तीन कागदांवर तीन साले आढळतात आणि तिन्ही बरोबर असतात. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपले तो १३५७ फसलीचा शेवटचा महिना होता. त्या दिवसांतल्या गहाणखताला १३५८ लावले की कागद नव्या राजवटीतला ठरतो. मुदतीचा आणि मालकीचा वाद अशा एका वर्षावर फिरतो.

सरकारने सावकारी वह्यांत हात घातला तो उशिरा. १३२३ फसलीत, म्हणजे १९१४ च्या सुमारास, सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि गावच्या पतसंस्थेच्या रूपाने सभासदांना वाचता येईल असा, तपासनीसाने तपासायचा हिशेब प्रथमच गावात आला. १३४९ फसलीच्या, म्हणजे १९३९-४० च्या, सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा केला आणि कुळाचा हिशेब नीट ठेवण्याचे बंधन घातले. वही ही सावकाराची खाजगी वस्तू नाही, तिच्यात कुळाचाही हक्क आहे, हे तत्त्व त्यात होते. गावोगाव ते किती उतरले हा भाग वेगळा, पण तत्त्व म्हणून ते मोठे होते. पुढे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर चौकशी करून परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला. त्या चौकशीतही प्रश्न तोच: खरेदीखत म्हणते ती खरी विक्री, की कर्जाला दिलेले तारण?

१९४८ नंतरच्या दहा वर्षांत जिल्ह्याच्या कागदांवरचे जवळजवळ प्रत्येक शीर्षक बदलले. हाली गेले, फसली गेले, उर्दूच्या जागी मराठी आली. १९५७ मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले. १९५६ मध्ये जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हैदराबाद सरकारने जाता जाता एक मोठे काम करून ठेवले, ते १९५४-५५ चे खासरा पत्रक. प्रत्येक सर्व्हे नंबरावर मालक कोण, कसणारा कोण, हक्क कसला, याची ती गावनिहाय नोंद. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात वकील आजही आधी खासरा मागतात, कारण जुन्या राजवटीची शेवटची आणि नव्याची पहिली अशी ती दोहोंच्या सांध्यावरची नोंद आहे. मग १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली सातबारा आला, आणि पटवारी जाऊन बदली होणारा पगारी तलाठी आला.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्याने कर्जाची दुनिया बदलली. सोसायटीने किंवा बँकेने कर्ज दिले की त्याचा बोजा त्या रकान्यात चढतो, आणि फेडल्यावर फेरफार होऊन उतरतो. सावकाराच्या माळ्यावरची गुप्त गोष्ट आता कोणालाही दिसणाऱ्या कागदावर आली. गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीचा गटसचिव सातबारे पाहून कमाल मर्यादा पत्रक तयार करतो, जिल्हा मध्यवर्ती बँक ते मंजूर करते, आणि पीक निघाल्यावर वसूल होतो. परभणीच्या जिल्हा बँकेचे क्षेत्र १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावरही दोन्ही जिल्ह्यांत राहिले. कर्ज नसल्याच्या दाखल्याला इथे ‘बेबाकी’ म्हणतात. उर्दू कारभार जाऊन पाऊणशे वर्षे झाली, पण पेरणीच्या तोंडावर शेतकरी या बँकेतून त्या बँकेत फिरत मागतो ती बेबाकीच. एका बँकेला दुसऱ्या बँकेचे खाते दिसत नव्हते म्हणून हा दाखला जन्मला.

बँकांची नावेही स्थिर राहिली नाहीत. १९४२ मध्ये सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १९७६ मध्ये नांदेडला स्थापन झालेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली, आणि १ मे २०२५ ला तिचे विदर्भ कोकण ग्रामीण बँकेशी एकत्रीकरण झाले. प्रत्येक वेळी शाखेचे संकेतांक बदलले, पासबुके बदलली, जुन्या लेजरवरून संगणकात आणि एका संगणकातून दुसऱ्यात खाती गेली. सातबाऱ्यावर बोजा मात्र जुन्याच बँकेच्या नावाने बसलेला असतो. तो उतरवायचा तर आजची बँक हीच कालची बँक आहे हे तलाठ्याला दाखवावे लागते.

या सगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याची वेळ कर्जमाफीने आणली. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीनंतर महालेखापरीक्षकांनी देशभरातली ९०,५७६ खाती तपासली तेव्हा २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत त्रुटी निघाल्या. पात्र वगळलेले, अपात्र घेतलेले, काही ठिकाणी नोंदींत खाडाखोड. २०१७ च्या राज्याच्या योजनेत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज आणि बँकांकडून ६६ रकान्यांचा तक्ता मागवला गेला. दोन्हींचा मेळ बसेना. सातबाऱ्यावर दत्तात्रय, पासबुकावर दत्ता आणि आधारवर दत्तराव, असा माणूस यंत्राच्या लेखी तीन माणसे होतो. नुक्ता सुटल्याने जे उर्दू उताऱ्यात होई, तेच आता इंग्रजी स्पेलिंगने केले. डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटा केला. शेतकऱ्याने अर्ज करायचा नाही, बँकेने आधार जोडलेली खाती पोर्टलवर चढवायची, यादी गावात लावायची आणि शेतकऱ्याने अंगठा ठेवून ‘हे खाते माझे, ही रक्कम मान्य’ एवढे सांगायचे. रक्कम मान्य नसेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला ६८ गावांची लागली. कर्जाचा आकडा कर्जदाराला दाखवून त्याची कबुली घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट मानायला हवी. ओढलेल्या बाकीच्या काळात कुळाला हेच मिळाले नव्हते.

२०२३ मध्ये जुनी दप्तरे पुन्हा उघडली. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि परभणीसह सगळ्या जिल्ह्यांत खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासायला घेतल्या गेल्या. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. सारावसुलीसाठी भरलेला एक रकाना शंभर वर्षांनी आरक्षणाचा पुरावा ठरेल, हे तो लिहिणाऱ्या पटवाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. नोंद ज्या कामासाठी झाली त्याहून वेगळ्या कामाला ती येते, म्हणून ती कोणी, कधी, कशासाठी केली हेही तिच्यासोबत जपावे लागते. काही गावांचे रुमाल चांगले राहिले, काहींना वाळवी आणि ओल लागली, आणि त्यावर आज लोकांचे दाखले अवलंबून आहेत.

सध्या ही साखळी एका क्रमांकाकडे येत आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकरी स्वतः बांधावरून मोबाइलवर करतो, म्हणजे पटवाऱ्याच्या पाहणीतला एक रकाना त्याच्या हाती आला. आधार आणि सातबारा जोडून अकरा अंकी शेतकरी ओळख क्रमांक दिला जात आहे. सोसायट्यांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना २०२२ पासून सुरू आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती ज्याची त्याला ती पाहण्याचा व दुरुस्त करून मागण्याचा हक्क लिहून दिला. नांगराच्या निशाणीपासून शाईच्या अंगठ्यापर्यंत आणि तिथून यंत्राच्या काचेवरच्या अंगठ्यापर्यंत संमतीची खूण बदलत आली. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांचा अंगठा यंत्र अनेकदा ओळखत नाही. तेव्हा मोबाइलवर सांकेतिक आकडा येतो, तो शेजारी बसलेला मुलगा किंवा केंद्रचालक वाचून भरतो, आणि पीककर्जाचे किंवा अनुदानाचे पुढचे काम सुरू होते.